जुन्या रायफलीचे पुनरुज्जीवन : तंत्र, कायदा आणि जबाबदारी

वसई-विरारचा किनारा शस्त्रांच्या इतिहासाला अपरिचित नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेलेली वसई चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी दीर्घ वेढ्यानंतर १७३९ च्या मे महिन्यात जिंकून घेतली. १७८० साली ती इंग्रजांच्या हाती पडली आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी येथे झालेल्या तहाने पेशवाईच्या अस्ताला आरंभ झाला. या दीर्घ कालखंडात तोफा, ठासणीच्या बंदुका आणि पुढे रायफली अशी शस्त्रांची पिढ्यान्‌पिढ्या स्थित्यंतरे होत गेली.

किल्ल्यावरील तोफ उघड्यावर असते. ती सर्वांना दिसते आणि ती कोणाच्या मालकीची याविषयी संशय नसतो. बंदुकीचे तसे नाही. पूर्वी पीकसंरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी रीतसर परवान्याने घेतलेली, परवानाधारकाच्या निधनानंतर माळ्यावर किंवा पेटीत पडून राहिलेली एखादी बंदूक घराची दुरुस्ती करताना अथवा वाटणीच्या वेळी अचानक समोर येते. लाकूड किडलेले असते, नळीला गंज चढलेला असतो, एखादा भाग गहाळ झालेला असतो. मग प्रश्न निर्माण होतात. ही वस्तू दुरुस्त करता येईल काय? तिचे सुटे भाग मिळतील काय? घराण्याची आठवण म्हणून ती भिंतीवर लावण्यास हरकत आहे काय? हे प्रश्न बहुधा प्रथम पोलीस पाटील, सरपंच, तलाठी किंवा गावातील शिक्षक यांच्याकडेच येतात. त्यांची उत्तरे नीट समजण्यासाठी जुन्या लष्करी रायफलीचे पुनरुज्जीवन म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. या दृष्टीने भारतात सर्वाधिक परिचित असलेल्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल.

एका रायफलीची वाटचाल

जेम्स पॅरिस ली या संशोधकाने तयार केलेली बोल्टची रचना आणि इंग्लंडमधील एन्‌फील्ड येथील शस्त्रशाळेत विकसित झालेली नळीतील आटे पाडण्याची पद्धत यांच्या संयोगातून १८९५ साली ‘ली-एन्‌फील्ड’ रायफल अस्तित्वात आली. नळीचा अंतर्व्यास .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर असल्यामुळे तिला ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव पडले. १९०७ साली प्रचारात आलेला ‘मार्क तीन’ हा तिचा प्रकार सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याची लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, वजन सुमारे ४ किलोग्रॅम असून मॅगझिनमध्ये १० काडतुसे मावतात. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने बाहेर पडते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात आणि दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका, इटली व ब्रह्मदेश येथील रणक्षेत्रांवर भारतीय जवानांच्या हाती हीच रायफल होती. मराठा पलटणींचे अनेक पराक्रम तिच्या साथीने घडले. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे, जेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस बारूदखाना उभारला गेला होता तेथे, विसाव्या शतकाच्या आरंभी रायफल कारखाना सुरू झाला आणि या रायफली भारतातच तयार होऊ लागल्या. तिची काडतुसे पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बनत. १८६९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याचा काडतुसाच्या बुडावर उमटविलेला शिक्का आजही जगभरातील अभ्यासकांना परिचित आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी भारतीय पायदळाचे मुख्य शस्त्र हीच रायफल होती. त्यानंतर ईशापूर येथे याच रचनेवर आधारलेली, परंतु अधिक बळकट पोलादाची व ७.६२ मिलिमीटर काडतुसाची ‘२ ए’ आणि पुढे ‘२ ए १’ ही रायफल तयार झाली. तिच्या मॅगझिनमध्ये १२ काडतुसे मावत. लष्कराने क्रमाक्रमाने स्वयंभरण रायफली स्वीकारल्या आणि ‘थ्री नॉट थ्री’ पोलीस, गृहरक्षक दल व राष्ट्रीय छात्रसेना यांच्याकडे आली. लष्कराच्या दृष्टीने जुने झालेले शस्त्र पोलिसांच्या हाती अनेक दशके काम करीत राहिले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे स्वयंचलित शस्त्रांना तोंड देणाऱ्या जवानांच्या हाती याच रायफली होत्या. त्यानंतर पोलीस दलांच्या शस्त्रसज्जतेचा प्रश्न ऐरणीवर आला. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात या रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला.

साठसत्तर वर्षे वयाची रायफल इतका काळ वापरात राहू शकली, याचे श्रेय तिच्या मूळ रचनेप्रमाणेच शस्त्रागारातील आर्मोररांना, म्हणजे शस्त्रांची देखभाल व दुरुस्ती करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना द्यावे लागेल.

रायफल जीर्ण कशी होते?

रायफल मुख्यतः पोलाद आणि लाकूड या दोन पदार्थांची असते. वसई-विरारसारख्या समुद्र व खाडीलगतच्या प्रदेशात या दोहोंचा शत्रू एकच आणि तो म्हणजे दमट, खारी हवा. पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता अतिशय वाढते. तेलाचा थर निघून गेलेल्या पोलादावर अल्पावधीत तांबूस गंज दिसू लागतो. हा वरवरचा गंज काढता येतो. परंतु तो वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर पोलादाला खड्डे पडतात. बाहेरच्या भागाला पडलेला खड्डा कुरूप दिसतो एवढेच. पण नळीच्या आत किंवा काडतूस जेथे बसते त्या कोठीत पडलेला खड्डा धोकादायक ठरू शकतो.

जुन्या काडतुसांमुळे या संकटात भर पडे. त्यांच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टोपीत पोटॅशियम क्लोरेट हे द्रव्य असे. गोळी झाडल्यावर त्याचे मिठासारखे क्षार नळीत उरत आणि हवेतील ओलावा शोषून घेत. म्हणूनच गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीतून उकळते पाणी ओतावे, क्षार विरघळून गेल्यावर नळी कोरडी करावी आणि मग तेल द्यावे, असा लष्करात दंडक होता. केवळ तेल लावल्याने क्षार जात नाहीत, ते तेलाखाली झाकले जातात. हा नियम न पाळल्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या अनेक रायफलींच्या नळ्या आतून खराब झालेल्या आढळतात.

लाकडी दस्ता पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. रायफलीचा धक्का दस्त्याच्या पुढील भागातील ठराविक खाचांवर पेलला जातो. लाकूड आकसून तेथे फट राहिली, तर प्रत्येक गोळीबरोबर धातू लाकडावर आपटतो आणि लाकूड उभे चिरते. लाकूड फुगून नळीवर दाब आला, तर नेम चुकतो. भारतीय हवामानाचा हा अनुभव लक्षात घेऊन ईशापूरच्या अनेक रायफलींच्या दस्त्यात चीर जाऊ नये म्हणून एक आडवा स्क्रू बसविलेला आढळतो. हातबॉम्ब फेकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलींचा पुढील भाग तांब्याच्या तारेने घट्ट गुंडाळलेला असे. परदेशातील संग्राहक या खुणांवरूनच भारतीय रायफल ओळखतात.

भाग बदलणे म्हणजे काय?

एखाद्या यंत्राचा झिजलेला भाग काढून नवा बसविला की यंत्र पूर्ववत होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सायकल किंवा पाण्याचा पंप यांच्या बाबतीत ती बव्हंशी खरी आहे. रायफलीच्या बाबतीत मात्र ती अपुरी आहे.

कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन होत असल्याने मॅगझिन, स्प्रिंगा, स्क्रू, पट्ट्याच्या कड्या असे भाग एका रायफलीतून काढून त्याच प्रकारच्या दुसऱ्या रायफलीत बसविता येतात. परंतु बोल्ट, नळी, दस्त्याचा पुढील भाग आणि नेम धरण्याची साधने हे भाग त्या त्या रायफलीला जुळवून बसविलेले असतात. म्हणूनच बोल्टच्या दांड्यावर आणि रायफलीच्या मुख्य सांगाड्यावर एकच क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक जुळत नसेल, तर तो बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, हे आर्मोररला तत्काळ कळते आणि तपासणी झाल्याखेरीज तो ती रायफल वापरासाठी देत नाही.

या दक्षतेमागील कारण समजून घेण्यासारखे आहे. ‘थ्री नॉट थ्री’च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. बोल्ट बंद केल्यावर ही कड नळीचे मागचे तोंड आणि बोल्टचे शीर्ष यांच्यामध्ये बसते. तेथील जागा किती असावी, याला मर्यादा आहे. ती .०६४ इंचापेक्षा कमी असेल, तर बोल्ट बंद होत नाही. ती .०७४ इंचापेक्षा अधिक असेल, तर रायफल वापरण्यास अयोग्य ठरते. दोन्ही मर्यादांमधील अंतर अवघे पाव मिलिमीटर आहे. जागा जास्त असेल, तर गोळी झाडताना काडतुसाच्या पितळी नळकांड्याला मागून पुरेसा आधार मिळत नाही, ते ताणले जाऊन तुटू शकते आणि अतिशय तप्त वायू झाडणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने उसळतो. हे पाव मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दोन प्रमाणित गेज वापरावे लागतात. एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर तो बंद होता कामा नये.

या रायफलीच्या बोल्टचे शीर्ष स्वतंत्र असून ते आट्यांनी बसविलेले असते. झीज झाल्यास शीर्ष बदलून जागा पुन्हा मर्यादेत आणता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘क्रमांक चार’ या प्रकारासाठी तर शून्य ते तीन अशा चार मापांची शीर्षे ठेवलेली असत. आर्मोरर गेज लावून पाही आणि योग्य मापाचे शीर्ष निवडी. याउलट, हाताला आला तो बोल्ट सरकवून ‘बसला’ असे म्हणणे हे अपघाताला आमंत्रण ठरते.

दुसरी अडचण दिसण्यातील साम्याची आहे. ‘मार्क तीन’ आणि ‘क्रमांक चार’ या रायफली एकाच कुळातील असल्या, तरी त्यांचे बोल्ट, नळ्या व नेमसाधने परस्परांना चालत नाहीत. ‘मार्क तीन’ आणि ‘२ ए १’ यांचे बाह्यरूप जवळजवळ सारखे आहे. परंतु एकीचे काडतूस.३०३ आणि दुसरीचे ७.६२ मिलिमीटर. जुन्या पोलादाच्या सांगाड्यावर नव्या काडतुसाची नळी चढविणे हा जिवाशी खेळ आहे.

छात्रसेनेच्या शाळा-महाविद्यालयांतील पथकांना कवायतीसाठी दिलेल्या ‘डी. पी.’ रायफली हे आणखी एक उदाहरण होय. गोळी झाडता येऊ नये अशा रीतीने त्या निकामी केलेल्या असतात आणि तशी अक्षरे त्यांवर उमटविलेली असतात. असा शिक्का असलेला कोणताही भाग पुन्हा वापरातील रायफलीत बसवू नये, हा शस्त्रागाराचा मूलभूत नियम आहे. छात्रसेनेचे काम पाहणाऱ्या शिक्षकांनी हा नियम विद्यार्थ्यांना कारणासह समजावून सांगणे उपयुक्त ठरेल.

सारांश, पुनरुज्जीवनाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. प्रथम शस्त्र रिकामे असल्याची खात्री केली जाते. मग त्याचा प्रकार, कारखाना व क्रमांक यांची ओळख पटविली जाते. नंतर नळी व कोठीची तपासणी, बोल्टचे गेज, दस्त्याच्या आधारांची पाहणी आणि शेवटी भागांची बदली होते. नळी किंवा बोल्ट बदलल्यास नियंत्रित परिस्थितीत चाचणी घेतल्याखेरीज शस्त्र कोणाच्याही हाती दिले जात नाही. लाकडाला जवसाचे तेल पाजणे, धातूवरील गंज काढणे ही कामे डोळ्यांत भरणारी असली, तरी क्रमाने ती दुय्यम आहेत.

परदेशातील छंद आणि आपली स्थिती

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत लाखो लष्करी रायफली अतिरिक्त ठरल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या. अनेक शिकाऱ्यांनी वजन कमी करण्यासाठी त्यांचे पुढील लाकूड कापून टाकले. कालांतराने मूळ स्वरूपातील रायफली दुर्मिळ झाल्या आणि अशा कापलेल्या रायफलींना जुने अथवा नव्याने घडविलेले भाग बसवून पूर्वरूप देण्याचा छंद तेथे रुजला. ईशापूरच्या रायफलीही अतिरिक्त म्हणून परदेशी बाजारात गेल्या आणि तेथील संग्राहकांच्या हाती पडल्या. तेथेही हे काम निर्बंधमुक्त नाही. ब्रिटनमध्ये लंडन व बर्मिंगहॅम येथील प्रमाणन संस्थांच्या चाचणीचा शिक्का नळीवर असल्याखेरीज बंदूक विकता येत नाही.

भारतातील परिस्थिती मुळातच भिन्न आहे. लष्करी काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत, या हेतूने इंग्रजी राजवटीतच .३०३ हे माप खाजगी वापरासाठी निषिद्ध ठरविण्यात आले. त्यामुळे नागरी परवानाधारकांसाठी ईशापूरच्या कारखान्यात याच रचनेची, पण .३१५ मापाची रायफल तयार होऊ लागली. निषिद्ध मापाच्या शस्त्राचा परवाना केवळ केंद्र सरकारच्या अधिकारात येतो. पोलीस दलातून बाद झालेल्या रायफली बाजारात विक्रीस येत नाहीत. त्यामुळे परदेशातील छंदाची वर्णने वाचून किंवा चित्रे पाहून तसा प्रयोग येथे करावयास जाणे हा गंभीर गुन्हा ठरेल.

कायद्याची भूमिका

१८७८ च्या इंग्रजी कायद्याची जागा घेणारा शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. जुन्या शस्त्रांच्या संदर्भात त्यातील काही तरतुदी प्रत्येक लोकप्रतिनिधीला ठाऊक असाव्यात.

कलम ३ अन्वये बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. कलम ५ अन्वये बंदुकीची निर्मिती, विक्री, रूपांतर आणि दुरुस्ती यांसाठीही स्वतंत्र परवाना लागतो. म्हणजे बंदूक परवान्याची असली, तरी ती गावातील लोहाराकडे किंवा लेथ चालविणाऱ्याकडे दुरुस्तीला देता येत नाही. काम करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, तरी तो गुन्ह्यात सापडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती, दुरुस्ती वा विक्रीसाठी किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. विनापरवाना शस्त्र बाळगण्यासाठी सर्वसाधारणपणे २ ते ५ वर्षांच्या कारावासाची आणि दंडाची तरतूद असून, निषिद्ध शस्त्रांच्या बाबतीत शिक्षा याहून कठोर आहे.

कलम ८ अन्वये बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे, बदलणे हा गुन्हा आहे. इतकेच नव्हे, तर अशी खूण पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली, असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. गंज काढण्यासाठी पॉलिश पेपर किंवा यंत्राने धातू घासणाऱ्याने ही तरतूद विशेष लक्षात ठेवावी. साफसफाईच्या भरात क्रमांक गेला, तर शस्त्राचा इतिहास जातो आणि त्याचबरोबर ते बाळगणाराही अडचणीत येतो.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक गैरसमज असलेली तरतूद कलम ४५ मध्ये आहे. जुन्या पद्धतीचे, पुरातन मूल्य असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र या कायद्यातून वगळलेले आहे. मात्र त्यासाठी ते ‘दुरुस्ती करून किंवा न करता’ बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. ‘बंदूक चालत नाही, म्हणून परवाना नको’ ही समजूत या शब्दांपुढे टिकत नाही. बोल्ट नाही, चाप मोडला आहे, स्प्रिंग गेली आहे, अशी रायफल आज चालत नसली, तरी बदली भाग मिळताच ती चालू शकते. कायद्याच्या नजरेने ती शस्त्रच आहे. सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात. किरकोळ भागांना सूट आहे. पण ते पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तरच. एका घरात सांगाडा, दुसऱ्या घरात बोल्ट अशी वाटणी केल्याने जबाबदारी टळत नाही.

रायफलीचे वय शंभर वर्षांहून अधिक आहे, एवढ्यानेही परवान्यातून सूट मिळत नाही. १९०७ सालची ‘मार्क तीन’ रायफल वयाने पुरातन वस्तू असेल, पण ती सुस्थितीत असल्यास आजही प्राणघातक आहे.

वसई-विरारमध्ये कोणी काय करावे?

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. प्रशासकीय रचनेतील या बदलांमुळे ठाणे जिल्ह्यातून पूर्वी दिलेल्या परवान्यांचे धारक आणि त्यांचे वारस यांच्या मनात संभ्रम असणे स्वाभाविक आहे. सर्वसाधारण नियम असा की, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि जिल्ह्याच्या उर्वरित भागात जिल्हा दंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. प्रथम जावयाचे ठिकाण मात्र दोन्हीकडे एकच आहे आणि ते म्हणजे नजीकचे पोलीस ठाणे.

घरात जुनी बंदूक, रायफल, काडतुसे किंवा शस्त्राचा ओळखता येण्याजोगा भाग आढळल्यास तो उचलू नये, चाप ओढून पाहू नये आणि साफ करण्याचा प्रयत्न करू नये. जुन्या शस्त्रात काडतूस भरलेले असू शकते. ठासणीच्या बंदुकीत तर दारू व छर्रे वर्षानुवर्षे ठासलेले राहतात आणि बाहेरून ते कळत नाही. मुलांना दूर ठेवून खोली बंद करावी व पोलिसांना कळवावे. शस्त्र हातात घेऊन रस्त्याने किंवा लोकलने पोलीस ठाण्यात नेण्यापेक्षा पोलिसांना बोलाविणे केव्हाही श्रेयस्कर.

परवाना संपला असेल किंवा परवानाधारकाचे निधन झाले असेल, तर कलम २१ अन्वये शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. जमा केले म्हणजे हक्क गमावला, असे नव्हे. वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक बंदुका बाळगता येत नाहीत आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे. जुना परवाना, खरेदीची पावती, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती ही कागदपत्रे एकत्र ठेवल्यास काम सुकर होते.

तुंगारेश्वरच्या डोंगराकडील गावांत रानडुकरांचा उपद्रव हा शेतकऱ्यांचा खरा प्रश्न आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद कायद्यातच आहे. परंतु परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या मर्यादा त्यालाही लागू आहेत. जुनी बंदूक दुरुस्त करून रात्री शेतावर बसण्याऐवजी वन विभागाकडे नुकसानीची तक्रार नोंदवून भरपाईचा मार्ग अवलंबिणे हे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

ग्रामपंचायतींना या बाबतीत सहज करता येण्याजोगे काम म्हणजे माहिती देणे. ग्रामसभेत वर्षातून एकदा, विशेषतः निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेतली जातात त्या सुमारास, हा विषय मांडावा. पोलीस पाटलाने गावातील दिवंगत परवानाधारकांच्या कुटुंबांना भेटून कायद्याची कल्पना द्यावी. धाकापेक्षा मदतीचा सूर असेल, तर लोक पुढे येतात. भीतीपोटी विहिरीत टाकलेली किंवा शेतात पुरलेली बंदूक हा प्रश्नाचा शेवट ठरत नाही. ती कधी ना कधी वर येते आणि तेव्हा तिचा खुलासा देणारे कोणी उरलेले नसते.

जतनाचा मार्ग

जुने शस्त्र हा इतिहासाचा पुरावाही आहे. एखाद्या कुटुंबातील बंदुकीला स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व असेल, तर ते जतन होणे इष्टच आहे. मात्र जतन आणि पुनरुज्जीवन यांत फरक आहे. पुनरुज्जीवनात वस्तू पुन्हा कामाची करावयाची असते. जतनात ती आहे त्या स्थितीत टिकवून तिची माहिती पुढील पिढीला द्यावयाची असते. संग्रहालयात मूळ क्रमांक, कारखान्याचा शिक्का, सैनिकाने दस्त्यावर कोरलेली खूण, एवढेच नव्हे तर जुनी दुरुस्तीही मोलाची मानली जाते. नवे भाग बसवून आणि सर्व काही चकचकीत करून हा पुरावा नाहीसा होतो. परवाना प्राधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून असे शस्त्र मान्यताप्राप्त संग्रहालयाकडे देणे हा योग्य मार्ग होय.

वसईच्या किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या परिसरात तोफगोळा किंवा शस्त्राचा अवशेष सापडल्यास तो घरी न नेता जागच्या जागी ठेवावा आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागास अथवा पोलिसांना कळवावे. जमिनीतून निघालेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात. ते वर काढून उन्हात ठेवले किंवा रंगविले, तर पापुद्रे सुटून वस्तू नष्ट होते. तज्ज्ञ प्रथम हे क्षार काढून टाकतात आणि मगच तिला संरक्षक लेप देतात. येथेही वस्तू कोठे व कशी सापडली, याची नोंद वस्तूइतकीच महत्त्वाची असते.

शाळांना या विषयात चांगला वाव आहे. किल्ल्याच्या सहलीत तोफ, ठासणीची बंदूक आणि रायफल यांतील फरक शिक्षकांनी समजावून सांगावा. गंज का चढतो हा रसायनशास्त्राचा, गोळीला वेग कसा मिळतो हा भौतिकशास्त्राचा आणि पाव मिलिमीटरचे माप किती मोलाचे असते हा कार्यानुभवाचा पाठ त्यातूनच देता येईल. सापडलेल्या शस्त्राला हात न लावता मोठ्यांना सांगावयाचे, हा नागरिकशास्त्राचा धडाही त्याच वेळी मुलांच्या मनावर बिंबेल.

पोलिसांच्या शस्त्रागारात एका जुन्या रायफलीला नवा बोल्ट बसतो, तेव्हा त्यामागे प्रशिक्षित हात, प्रमाणित गेज, नोंदवहीतील क्रमांक आणि उत्तरदायी अधिकारी असतात. माळ्यावरील रायफलीच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. म्हणून तिची दुरुस्ती करण्याचा मोह टाळून तिची नोंद करणे हेच कुटुंबाच्या सुरक्षिततेचे आणि गावाच्या स्वास्थ्याचे आहे. पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी ही गोष्ट घरोघरी पोहोचविल्यास एखादा अपघात टळेल, एखादे कुटुंब अजाणता घडणाऱ्या गुन्ह्यापासून वाचेल आणि इतिहासाचा एखादा मोलाचा पुरावा सुरक्षित हाती जाईल.